पडणाऱ्या माणसाविरुद्धचं पत्रक

खाडीपलीकडच्या वाडीत सिनेमा पाहिलेली माणसं थोडी होती. सिनेमात मार खाल्लेला माणूस मात्र एक होता, आणि तो माझा मामा. आईचा चुलतभाऊ. सोळाव्या वर्षी तो बोटीनं मुंबईला गेला, गोदीत गोण्या उचलायला लागला आणि गोदीजवळच्या एका तालमीत बॉक्सिंग शिकला. परदेशी जहाजं धक्क्याला लागली की त्यांच्यावरच्या खलाशांशी तालमीतल्या पोरांच्या लढती होत. मामा पुष्कळ जिंकला, काही हरला. त्याचं नाक चपटं झालं ते तेव्हा, आणि त्या नाकानंच त्याला सिनेमात नेलं. स्टुडिओतली माणसं चेहरे शोधत तालमीत यायची. हिरोनं ज्याला मारायचं तो आधीच मार खाल्लेला दिसला तर त्यांना रंगरंगोटीचे कष्ट कमी, असं मामा सांगायचा.

बारा वर्षं त्यानं पडद्यावर मार खाल्ला. नाव कधी आलं नाही. एका चित्रपटात तो दोनदा मेला, पहिल्यांदा दाढी लावून आणि दुसऱ्यांदा दाढी काढून. हे सांगताना त्याला फार आनंद व्हायचा. नटही त्यांच्या तालमीत बॉक्सिंग शिकायला येत, त्यांच्या गोष्टी तो रंगवून सांगायचा.

"पयलीच अट काय, तर तोंडार मारूचा नाय. मी म्हटलंय, मगे खंय मारू, सदऱ्यार?"

मग एका मारामारीत हिरोचा ठोसा खरा बसला आणि मामाच्या डाव्या कानाचा पडदा गेला. डॉक्टरनं सांगितलं, उजवा कानही धड नाही, आणखी मार बसला तर तोही जाईल, हा धंदा सोड. मामा मामीला घेऊन गावी परतला. जमीन भावांच्या वाट्याची होती. मासेमारीचं त्याला काही येत नव्हतं. वयाच्या सोळाव्या वर्षी गेलेला माणूस चाळिशीत जाळं कसं धरणार? त्याला एकच गोष्ट येत होती. तेवढ्यात जवळच्या एका नव्या हायस्कुलात कवायत आणि व्यायाम शिकवायला माणूस हवा आहे असं कळलं. ती जागा मिळाली तर मामा गावात राहणार होता. नाही मिळाली तर पुन्हा मुंबई, पुन्हा मार, आणि उरलेला कान. हे सगळं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याच्या नोकरीचा अर्ज मीच लिहिला होता.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि मालवणात एका छापखान्यात खिळे जुळवत होतो. शिशाची अक्षरं एकेक उचलून ओळी लावायच्या. लग्नपत्रिका, जत्रेच्या जाहिराती, दुकानांची बिलबुकं. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आमचा चार-पाच जणांचा गट होता आणि छापखान्याचे मालक भले होते. उरल्यासुरल्या कागदावर ते आम्हाला पत्रकं छापू देत. मी पत्रकांवरच वाढलो. वडील गेले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा पत्रकंच जास्त निघाली, आणि शाळेतल्या कवितांच्या आधी ती मला पाठ झाली. पत्रक हे गरिबाचं हत्यार आहे असं मी तेव्हा मानत होतो. आजही मानतो. म्हणूनच हे लिहिणं मला जड जातं आहे.

अर्ज लिहायला मी खाडी ओलांडून मामाकडे गेलो होतो.

"मामा, किती लढती जिंकलास?"

"मोजूक नाय रे. हरलंय ते सांगू? तीन."

"अर्जात हरणं लिहीत नाहीत."

"मगे समितीक खोटा सांगतंस?"

"खोटं नाही. अलंकार."

मामी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "अलंकार आसत तर माका दी मरे. बारा वर्षां लग्नाक झाली, एक घालूक मिळाक नाय."

मी लिहिलं, 'रिंगणात ज्यांनी कधी पाठ टेकली नाही असे हे मुष्टियोद्धे.' मामानं ते वाक्य दोनदा वाचायला लावलं आणि लाजून हसला. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणजे एक वयस्कर वकील. त्यांना अर्ज आवडला. बाकी सभासदांची बैठक झाली की काम होईल, असं त्यांनी मामाला सांगितलं.

दिवाळी झाल्यावर मुंबईची एक सिनेमा कंपनी किनाऱ्यावर चित्रण करायला आली. मागे समुद्रातला किल्ला, पुढे वाळू. हिरो तिथल्या एका दांडग्या कोळ्याला बॉक्सिंगमध्ये लोळवतो असा प्रसंग होता. हिरो मुंबईत तीन महिने बॉक्सिंग शिकून आला होता आणि मारामारी आपणच करणार, आपल्या जागी दुसरा कुणी नको, असा त्याचा हट्ट होता. चित्रीकरण बघायला गर्दी जमली, त्यात आई, मी आणि मामा-मामीही होतो. दिग्दर्शकानं मामाला ओळखलं.

"अरे, तू जिंदा है!"

"दो-चार बार मरा साब. फिर भी है."

दिग्दर्शकानं त्याला कोळी व्हायला सांगितलं. आईनं त्याला बाजूला घेतलं आणि कानाचं विचारलं. मामा म्हणाला, "एकच दिवस गो. आणि पडूचाच तर आसा. बारा वर्षां पडलंय, माज्या बायलेन एकदाय बघूक नाय. गावान बघूंदे तरी, मी करतंय काय ता."

सुरूचे चार खांब वाळूत पुरले, त्यांना काथ्याचे दोर बांधले आणि रिंगण झालं. मासे विकून परतणाऱ्या बायका टोपल्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. हिरो रेशमी झग्यात आला. गोरापान, केस तेलानं चोपडलेले. त्यानं पहिला ठोसा मारला आणि मामा उताणा पडला. दिग्दर्शकाला तो आवडला नाही. पुन्हा. मामा पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी त्याच्या नाकातून रक्त आलं, ते खरं होतं. चौथ्या वेळी हिरोनं आपल्याच ग्लोव्हचं चुंबन घेतलं आणि पोरांनी शिट्ट्या घातल्या. मामा प्रत्येक वेळी मान वळवून तोंड खांद्यात लपवत होता. मला वाटलं, त्याला आमच्याकडे बघायची लाज वाटते. पाचव्या आणि सहाव्या वेळेच्या मध्ये त्यानं हिरोसमोर वाळूत गुडघे टेकले, त्याच्या ग्लोव्हचे बंद सोडले, त्याचा अंगठा हातात घेऊन नीट बसवला आणि बंद पुन्हा बांधले. हिरो त्याच्याकडे न बघता दिग्दर्शकाशी बोलत होता.

एक बाई ओरडली, "आता ऱ्हव मरे पडान! जेवणाची येळ झाली!" सगळे हसले. मामाही पडल्यापडल्या हसला आणि तो टेक वाया गेला. सातव्या वेळी तो असा पडला की मामी किंचाळली. दिग्दर्शक म्हणाला, ओके.

टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. ज्यानं गोऱ्या खलाशांना लोळवलं तो माझा मामा, गोदीचा कामगार, एका तेल लावलेल्या नटासमोर गुडघे टेकतो आणि सात वेळा पडतो!

घरी आई सुपात तांदूळ निवडत होती आणि खुशीत होती.

"किती बरो पडलो रे! शेवटच्या खेपेक माका वाटला, गेलोच."

"आई, तो पैशासाठी पडला."

"मगे? फुकट पडूक तो काय माड आसा?"

"माणसाला स्वाभिमान असतो."

"संकासूर दरवर्षी पडता," आई म्हणाली. "विष्णू काय, कोणय होता. संकासूर करणारो गावता काय बघ. तेका स्वाभिमान नाय? आणि घरात तरी पुस्तकासारखो बोलू नको."

जत्रेतल्या दशावतारात विष्णूच्या हातून मरणारा संकासूर मी लहानपणापासून पाहत आलो होतो. त्याच्या मालवणी बोलण्यावर सगळा गाव लोळायचा, तो मेला की सगळा गाव हळहळायचा, आणि दुसऱ्या दिवशी ज्या घरासमोरून तो जाई तिथं त्याला चहाला बोलावत. विष्णूला कुणी ओळखतही नसे. हे मला माहीत होतं. पण ती अडाणी लोकांची करमणूक आणि आपण विचार करणारे, असा माझा हिशेब होता. आईनं मला सगळं काही एका वाक्यात सांगितलं होतं आणि मी ते वाक्य निरक्षर बाईचं म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छापखान्यात सरळ खिळ्यांच्या खणांपाशी उभा राहिलो आणि कागदावर न लिहिताच खिळे जुळवायला लागलो. राग असला की हात भराभर चालतो. मथळा, 'विकलेला ठोसा'. खाली, 'एके काळी ज्या मुठींनी गोऱ्यांना लोळवलं त्या मुठी काल रंगवलेल्या नटासमोर उघड्या पडल्या.' 'श्रमिकाचा पराभव हा त्यांचा खेळ आहे आणि त्या खेळात आमचाच माणूस गुडघे टेकून धन्याचे बंद बांधतो.' मामाचं नाव नव्हतं. त्याची गरजही नव्हती.

मजकूर संपला आणि पाव कागदाच्या तळाशी दोन ओळींची जागा उरली. अशी जागा उरली की आम्ही एखादं फूल नाहीतर वेलबुट्टी टाकत असू. लग्नपत्रिकांची फुलं खणात ढिगानं होती. मी फुलाकडे हात नेला आणि तेवढ्यात मला एक वाक्य सुचलं. बरोबर दोन ओळींचं.

'जो पैशासाठी पडतो, तो आमच्या मुलांना उभं राहायला काय शिकवणार?'

ते वाक्य मी उलट्या अक्षरांतच वाचलं आणि मला फार आवडलं. मामाचा अर्ज समितीपुढे आहे हे तेव्हा मला आठवलं नाही असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. मला आठवलं होतं. वाक्य चांगलं झालं होतं, जागेत बसत होतं, म्हणून मी ते राहू दिलं.

बाजाराच्या दिवशी आम्ही पत्रकं वाटली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना इतरांनी वाचून दाखवलं. किनाऱ्यावर ज्या बाया टाळ्या वाजवत होत्या, त्यांतलीच एक माझ्यासमोर दुसरीला म्हणाली, "माका तर बरो वाटलो होतो गो. पण छापून इलाहा म्हणजे काय तरी असतलाच." दोन दिवसांपूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं ती कागदासमोर सोडून देत होती. आमचं पत्रक प्रभावी ठरलं असं मी त्या संध्याकाळी गटात सांगितलं.

मामा छापखान्यात आला तो त्यानंतर दोन दिवसांनी. घडी घातलेलं पत्रक त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतं. तो रागावलेला दिसत नव्हता. नवीन वस्तू कशी चालते ते विचारायला यावं तसा आला.

"ह्यो 'विकलेलो' म्हणजे मीच मरे?"

मी म्हटलं, "मामा, हा व्यक्तीचा प्रश्न नाही. प्रवृत्तीचा आहे."

"बरा, बरा. उठ. माका मार."

"काय?"

"हय मार. हनवटीर. जोरान."

यंत्र चालवणारा माणूस यंत्र थांबवून बघायला लागला. मी मूठ वळली आणि मारली. मामाचं डोकं झटक्यानं मागे गेलं, पाय उडाले आणि तो कोऱ्या कागदाच्या गठ्ठ्यांवर असा कोसळला की मालक आतून धावत आले. मी गार पडलो. मग माझ्या ध्यानात आलं की माझ्या मुठीला काहीच लागलेलं नाही. मूठ त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

मामा पडल्यापडल्या म्हणाला, "लागला?"

"नाही."

"दिसला?"

"दिसलं," यंत्रवाला म्हणाला. "माका तर दात पडल्यासारखो आवाज इलो."

मामा उठला, कपडे झटकले आणि आता तू उभा राहा म्हणाला. मी उभा राहिलो. त्याची मूठ कधी निघाली ते मला कळलं नाही. ती माझ्या नाकासमोर थांबली होती, आणि तिचा वारा माझ्या पापण्यांना लागला.

"मारूक कोणाकय येता," मामा म्हणाला. "थांबवक शिकूचा लागता. तो नट तीन म्हयने शिकलो, पण मूठ थांबवक तेका येना नाय. म्हणान मी पडाक होया, मूठ येवच्या आधी. उशीर झालो की लागता. तीनदा लागला." त्यानं उजव्या कानावर हात ठेवला. "ह्यो लपवत होतंय खांद्यात. आणि तेचो आंगठो मुठीच्या भायर ऱ्हवत होतो. तसोच मारतो तर मोडलो असतो. मगे कामच बंद, माझा आणि सगळ्यांचा. म्हणान बांधलंय."

मालक आत गेले. मी शिशाच्या धुळीनं काळी झालेली बोटं बघत उभा राहिलो. माझ्या पत्रकातली एकेक ओळ कशावर उभी होती ते मला दिसत होतं. गुडघे टेकणं, तोंड लपवणं, पडणं. मी सगळं पाहिलं होतं आणि त्यातलं काहीही मला समजलं नव्हतं.

"मामा, मला माहीत नव्हतं."

"तुका कसा म्हायत असतला? तू शिकलेलो माणूस." तो खरंच असं म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता. "आता फक्त एक कर. परवा समितीची बैठक आसा. वकीलसायेब तुका बोलवतले. तेंका सांग ह्या."

मी म्हटलं, "सांगतो."

हा शब्द मी दिला होता. यंत्रवाला साक्षीला आहे.

बैठक शाळेच्या कार्यालयात होती. मी गेलो तेव्हा माझ्या गटातले दोघेजण बरोबर आले. मी त्यांना बोलावलं नव्हतं, पण येऊ नका असंही म्हटलं नाही. समिती दबाव आणणार अशी त्यांची खात्री होती. "शब्द मागे घेऊ नकोस," एक म्हणाला, "एकदा मागे घेतला की पुढच्या पत्रकावर कोण विश्वास ठेवील?" ते दोघे उघड्या दारात उभे राहिले.

वकीलसाहेबांच्या पुढ्यात टेबलावर दोन कागद होते. डाव्या हाताला अर्ज, उजव्या हाताला पत्रक. त्यांनी चष्मा काढला.

"अर्ज तुम्ही लिहिलात?"

"हो."

"आणि हे पत्रकही तुमचंच. भाषा ओळखू येते. अर्जात म्हणता, यांनी कधी पाठ टेकली नाही. पत्रकात म्हणता, हे पैशासाठी पडतात. माझी अडचण समजून घ्या. मला हा माणूस घ्यायचा आहे. पण या दोघा सभासदांच्या हाती हे पत्रक पडलं आहे." त्यांनी शेजारच्या दोघांकडे पाहिलं. "तेव्हा सरळ विचारतो. यातलं खरं कोणतं? पत्रक रागाच्या भरात लिहिलं असं तुम्ही म्हणालात तर आम्ही ते इथंच फाडू आणि चहा घेऊ."

इतकी सोपी वाट मला आयुष्यात कुणी दिलेली नाही. ते वाक्यही त्यांनीच तयार करून दिलं होतं. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. मामा छापखान्यात पडला तेव्हाचा तो आवाज माझ्या कानात होता. आणि पाठीमागे दारात माझे दोघे सोबती होते. त्यांचा श्वासही मला ऐकू येत होता.

मी म्हटलं, "अर्जात थोडी अतिशयोक्ती आहे. पत्रकातला शब्दन् शब्द माझा आहे आणि छापलेला शब्द मी मागे घेत नाही."

वकीलसाहेबांनी चष्मा पुन्हा लावला. "म्हणजे पत्रक खरं."

"हो."

बाहेर आल्यावर एका सोबत्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला आवडली. शरमेच्या गोष्टीत हीही आहे, की त्या क्षणी ती मला आवडली.

वकीलसाहेब सज्जन होते. त्यांनी मामाला पत्रात एवढंच कळवलं की समितीचं एकमत होऊ शकलं नाही, तुमच्या भाच्याशीही आम्ही बोललो, तरी नाइलाज आहे. पत्र आल्याचं कळलं तेव्हा मी खाडी ओलांडून गेलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवत होतो. मामा पडवीत बसला होता. मला बघून तोच आधी बोलला.

"बस. पत्र इला. तू सांगलंस मरे, वकीलसायबांनी लिवल्यानी हा. तेंनी ऐकूक नाय तर तू काय करतलंस? वायट वाटान घेव नको."

मी बसलो. मामीनं कुर्ल्यांचं सार केलं होतं. तिनं माझ्या ताटात नांगी वाढली, मामाच्या नाही. मी जेवलो. 'मामा, मी सांगितलं नाही' हे वाक्य मी प्रत्येक घासाला मागे ढकलत होतो आणि शेवटी हात धुवायला उठलो तेव्हा ते संपून गेलं होतं.

पावसाळ्याआधी शेवटच्या बोटीनं ती दोघं मुंबईला गेली. दिग्दर्शकाला सातवा टेक फार आवडला होता आणि त्यानं काम देऊ केलं होतं. पत्रकं आम्ही काढत राहिलो. राज्य झालं, गुलाल उधळला, मीही उधळला. मामाची खबर मधूनमधून आईला कळे. एका पावसाळ्यात तिनं एवढंच सांगितलं, "तुज्या मामाचो दुसरो कान गेलो." विळीवर नारळ खवत होती, ती खवतच राहिली. माझ्या पत्रकाबद्दल ती कधीच बोललेली नाही.

गेल्या वर्षी मी मुंबईत एका साप्ताहिकात नोकरीला लागलो. मामाची खोली माझ्या कचेरीपासून पायी वीस मिनिटांवर आहे हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. जायला मला आठ महिने लागले.

त्याचे केस पांढरे झाले होते, तो बराच बारीक झाला होता. आता तो मार खात नाही. स्टुडिओत नव्या पोरांना पडायला शिकवतो, हातवारे करून. मला पाहून त्यानं उठून मिठी मारली आणि मोठ्यांदा बोलायला लागला, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा. मामीनं कोपऱ्यातली पाटी आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. त्यांच्या घरात बोलणं असं चालतं. ती चहा टाकायला गेली.

मी पाटी मांडीवर घेतली. पहिल्यांदा एक चांगलं वाक्य सुचलं. ते मी लिहिलं आणि तळव्यानं पुसलं. मग लिहिलं, 'मामा, माझा चुकला.'

मामानं पाटी उजेडाकडे धरून वाचली. "खंयचा?" त्यानं विचारलं.

त्यानं ते सहज विचारलं होतं. त्याला खरंच कळलं नव्हतं. मी पाटी परत घेतली. लिहायचं होतं ते एवढंच, की समितीनं मला विचारलं आणि मी पत्रक खरं म्हटलं. पेन्सिल पाटीला लागली होती. त्या खोलीत आम्ही तिघंच होतो, दारात कुणी उभं नव्हतं, माझ्या मागे कुठलाही गट नव्हता.

मी लिहिलं, 'पत्रकाचा.'

मामा हसला. माझ्या गुडघ्यावर थाप मारून तो सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "त्या तू तेव्हाच निस्तरलंस मरे! समितीत जावन सांगलंस!" आणि मामीला हाक मारून म्हणाला, "बघ गो, पोरगो अजून मनाक लावन घेता."

मामीनं चहा आणला. मी तो घेतला, पाटी पुसली आणि आईची खुशाली लिहायला लागलो.

पाटीवर लिहिलं नाही ते इथं लिहिलं आहे. मामा छापलेलं सगळं वाचतो, हेही तो वाचेल. पुन्हा एकदा त्याला माझ्याकडून गोष्ट कळेल ती छापील कागदातून, आणि तो वाचत असेल तेव्हा मी समोर नसेन. तशीच व्यवस्था मी केली आहे.